विहारातला सातवा धडा

माझ्या नवऱ्याने पुस्तक लिहिलं याचं मला वाईट वाटलं नाही. माणसं काय काय करतात. कोणी ग्रामपंचायतीला उभा राहतो, कोणी उसनवारी करून माडी चढवतो, संघपालने पुस्तक लिहिलं. वाईट एवढंच झालं की ते त्याच्या गावाने मनावर घेतलं.

संघपाल चंद्रपूरला एका शाळेत खेळाचा मास्तर आहे आणि मी एसटीत कंडक्टर, चंद्रपूर-मूल गाडीवर. चारचौघांत मी त्याला तुम्ही म्हणते. इथे तो म्हणते, कारण कागदाला सासू नसते. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. धंदा कसा वाढवावा, समाज कसा बदलतो, अमका खेळाडू कसा घडला, पहाटे उठून आयुष्याचं सोनं कसं करावं. मीही ती वाचलीत, गाडी लागायची वाट बघत स्टँडवर बसून. माझ्या गाडीत बसणारी माणसं त्या पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. सापडलीच तर दुसऱ्याला शहाणं करण्यापुरती. भाजीला मीठ लागतं तसा त्या प्रत्येक धड्याला एक हरलेला माणूस लागतो. तो हरला म्हणून बाकीच्यांनी शिकायचं.

संघपालच्या पुस्तकाचं नाव ‘दम टिकवा’. शाळा-कॉलेजांत भाषणं द्यायला जातो, तिथे ते खपतं. त्यातल्या सातव्या धड्यात जो हरलेला माणूस आहे तो राजदीप, संघपालचा गावातला लहानपणचा दोस्त. नाव लिहिलेलं नाही. पण हे वाचा आणि तुम्हीच सांगा:

‘माझा एक मित्र होता. आम्हा दोघांत बुटांचा एकच जोड. एक दिवस त्याने घालायचा, एक दिवस मी. कालव्याच्या काठाने आम्ही पळायचो आणि खरं सांगतो, तो माझ्यापेक्षा वेगवान होता. पण निवड चाचणीच्या दिवशी मी रेषेवर उभा होतो आणि तो आलाच नव्हता. भीतीने त्याला घरी बसवलं. आज मी इथे आहे आणि तो एका राईस मिलमध्ये पोती उचलतो. मित्रांनो, जगात दोनच प्रकारची माणसं असतात. रेषेवर येणारी आणि घरी बसणारी.’

छापायच्या आधी मी म्हटलं होतं, हे काढा. तर म्हणाला, “नाव कुठे लिहिलंय? आणि गावात कोण वाचतंय?” वर असंही म्हणाला की राजदीप त्या दिवशी आलाच नव्हता ही गोष्ट इतकी वर्षं त्याने गावात कोणाला सांगितली नाही, दोस्ती निभावली. गावात सगळ्यांना वाटतं की राजदीपही पळाला, फक्त नंबर लागला नाही. मी म्हटलं, मग आता छापून निभावताय का? यावर तो आंघोळीला गेला.

गावात कोण वाचतंय, म्हणे. याच माणसाचा जन्म मूलजवळच्या त्या गावातला. तिथे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. एकेका घराची बारी असते, ज्याची बारी त्याने वाचायचं आणि बाकी सगळ्यांनी ऐकायचं. वाचून झालं की सगळे मिळून तीनदा ‘साधू’ म्हणतात. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपतो. यंदा तो संपला त्याच दिवशी विहार कमिटीचे अध्यक्ष हरिदासभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, “ग्रंथ झाला. पन बसाची सवय मोडाले नोको. आता आपल्या गावच्या पोरानं पुस्तक लिहलं, थे वाचू. पहिल्या पानापासून.”

टाळ्या पडल्या. संघपालच्या बाबांचे डोळे भरून आले. संघपालने मोठ्या हौसेने घरटी एक प्रत वाटली; ग्रंथासारखी ती बहुतेकांनी विहारातच उघडायची ठेवली. वाचन दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालं, त्यामुळे तो गावातच होता आणि मी ड्युटी संपली की मूलवरून गावात यायची. पहिल्या संध्याकाळी तो पांढरा शर्ट घालून पुढे बसला होता, नवरदेवासारखा. घरी येताना मी विचारलं, “सातव्या धड्याचं काय?”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तोपर्यंत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो हरिदासभाऊंकडे गेला. म्हणाला, लोक धानाच्या कापणीने थकलेले असतात, मी स्वतःच निवडक धडे वाचून दाखवतो. हरिदासभाऊंनी पान थुंकून सांगितलं, “ग्रंथ निवडक वाचत नसते, बापू.” पुस्तकाचा ग्रंथ झाला होता. आता त्याला हात लावायची सोय राहिली नव्हती.

मग सुरू झाली ती माझी जीवघेणी संध्याकाळ, रोजची. पहिला धडा, दुसरा धडा. माणसं कौतुकाने ऐकायची. पहाटे उठण्याच्या धड्याला बाया हसल्या, कारण त्या उठतातच. मी मागे भिंतीला टेकून बसायची आणि मला फक्त एक पाठ दिसायची. बायनाबाईंची. राजदीपची आई. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, रोज सगळ्यांत पुढे. त्यांना अक्षर येत नाही, पण कानावर पडलेलं जन्मात विसरत नाहीत. बुटांचा तो जोड दर रविवारी त्यांनीच धुतलेला. दोन ओळी वाचल्या की त्यांना कळणार होतं, हा आपलाच पोरगा.

आणि हळू आवाजात काही उरकून टाकावं, तर तेही नाही. पुनम होती. हरिदासभाऊंची नात, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ग्रंथवाचनात एकजण दुसरी प्रत घेऊन बसतो, वाचणारा चुकला की टोकतो. ते काम पुनमचं. ओळीवर बोट ठेवून बसायची ती, आणि एक काना सुटला तरी तिचं बोट थांबायचं. तिला आधी सांगून ठेवावं, तर तिच्या कानात घातलेलं आजोबांच्या तोंडून बाहेर पडतं.

चौथ्या धड्यानंतर मला राहवेना. गाडी मूलला लागली, ड्रायव्हरला म्हटलं चहा घ्या, आणि मी तडक राईस मिलमध्ये गेले. राजदीप पोत्यांच्या थप्पीशी उभा होता. भुवयांपर्यंत कोंडा उडालेला. मला पाहून हसला.

“या वहिनी. आज गाडी इकडंच वळवली का?”

मी पुस्तक, धडा, सातवा, असं काहीबाही बोलले.

“वाचलं,” तो म्हणाला. “पुस्तक घरी आलं त्याच दिवशी. सातवा धडा दोनदा वाचला.”

“मग भांडले काऊन नाई तुमी?”

“भांडून का करू? खोटं नाई लिवला गडी. मी गेलोच नव्हतो.”

मग त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि सांगितलं. ते मी इथे त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते रडकं होईल.

“मे महिना होता. इथल्याच स्टँडवर बसमध्ये बसलो होतो मी, चंद्रपूरच्या. संघ्या आदल्या दिवशीच पुढं गेला होता. माय पहाटेच गेली होती तेंदूपानं तोडाले. शेजारचे इतवारीकाका सायकल हाणत आले. म्हणे, माय जंगलात पडली, बोलून नाई राह्यली. बसमधून उतरलो. ऊन लागलं होतं तिले. मीच दवाखान्यात नेली. लय बेकार हालत होती. शुद्धीवर आली त पहिले विचारते, बापू, पळला का? मी म्हटलं, पळलो माय. नंबर नाई लागला.”

“अन् त्यांना वाटतं तुमी खरंच पळले?”

“तिले वाटते इतवारीकाकानं दवाखान्यात नेलं अन् मी संध्याकाळी चंद्रपूरवरून आलो. अजून लोकाईले सांगते, माह्या पोरानं दम लावला होता म्हून. तिच्यापायी माह्यं राह्यलं, असं तिले समजलं त जेवन सोडंल वहिनी. माह्या मायले तुमी ओळखता.”

ओळखत होते. एकदा दुधाचं भांडं सांडलं म्हणून या बाई दोन दिवस स्वतःशीच बोलल्या नव्हत्या.

“अन् आमच्या यांना काऊन नाई सांगतलं?”

“सांगनारच होतो. दवाखान्यातून गावात आलो त त्याची मिरवनूक निंगाली होती. गळ्यात हार. म्हटलं, विचारंल तवा सांगू.”

“मग?”

“विचारलंच नाई.” तो हे रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. “तुमी घाबरू नोका. सातवा धडा इतवारीकाकाच्या बारीत येते. त्यायचा चश्मा फुटला हाय म्हून सांगतलं त्यायनं कमिटीले. मी वाचतो. तेवढं पान बदलून वाचीन.”

“अन् पुनम?”

त्याने एक पोतं थप्पीला सरळ केलं. मग म्हणाला, “पाहू. अन् संघ्याले सांगू नोका हे. उगाच पोटात घेऊन बसंल.”

नाही सांगत म्हटलं, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. परतीच्या रस्त्याला मी एका म्हाताऱ्याला दोन वेळा तिकीट फाडून दिलं.

मी वचन दिलं होतं, पण मी काही पुस्तकातली बाई नाही. दोन दिवस कसंबसं पोटात ठेवलं. सातव्या धड्याच्या संध्याकाळी संघपाल अंगणात शर्टाची बटणं लावत होता. तेव्हा मी सगळं ओकले. तेंदूपानं, बस, दवाखाना, मिरवणूक. तो बटण धरून उभाच राहिला.

“मग त्याने मला सांगायला नको?” शेवटी तो म्हणाला.

“तुम्ही विचारलं?”

“मला काय स्वप्न पडलं होतं?”

“तुम्ही विचारलं का, एवढंच म्हणते मी.”

तो चिडला. चिडला की तो भाषणासारखं बोलतो. “छापून झालंय ते, रोशनी. पोरं मला तो धडा म्हणून दाखवतात. मी मंचावरून सांगतो की सबबी चालत नाहीत, आणि आता मीच जाऊन...” त्याने लावलेलं बटण पुन्हा काढलं. मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी दयाही आली. जन्मभर एकच शर्यत जिंकलेला माणूस. त्यातला अर्धा विजय आज कोणीतरी परत मागत होतं. तो माझ्यापुढे चालू लागला आणि विहार येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही. तो आत जाऊन काय करणार आहे, याचा मला काही पत्ता नव्हता.

विहार भरला होता. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. बायनाबाई नेहमीच्या जागी. आज पोरगा वाचणार म्हणून त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि शेजारणीला दोनदा सांगून झालं होतं. संघपाल खांबाजवळ बसला, मान खाली. पुनमने प्रत उघडली, बोट ठेवलं.

राजदीप चौरंगासमोर बसला. आंघोळ करून आला होता, तरी कानाच्या पाळीला कोंडा राहिलेला. त्याचा आवाज गावात सगळ्यांत चांगला, वर्षावासात लोक त्याच्या बारीची वाट बघतात. त्याने सुरुवात केली. पहिलं पान दम आणि श्वासाबद्दलचं होतं, ते त्याने जसंच्या तसं वाचलं. मग पान उलटलं.

“माझा एक मित्र होता. आम्हा दोघांत बुटांचा एकच जोड.”

बायनाबाईंची मान वर झाली. “माह्याच हातानं धुवत होती,” त्या मोठ्यानेच म्हणाल्या. माणसं हसली. मला वाटलं, आता उठावं, दिवा पाडावा, फिट आल्यासारखं करावं, काहीही.

“कालव्याच्या काठाने आम्ही पळायचो. तो माझ्यापेक्षा वेगवान होता.” इथवर छापलेलं होतं. राजदीप किंचित थांबला. त्याची नजर पानावर होती, पण डोळे हलत नव्हते. “निवड चाचणीच्या दिवशी आम्ही दोघंही रेषेवर उभे होतो. त्या दिवशी बुटांची बारी माझी होती. म्हणून माझा मित्र अनवाणी पळाला.”

पुनमचं बोट थांबलं.

राजदीप वाचत राहिला. मैदान तापलेलं होतं, तो म्हणाला. पहिल्या फेरीत मित्राच्या पायाला चटके बसले. दुसऱ्या फेरीत एक जण पडला तर हा त्याला चुकवून पुढे गेला. ज्या मैदानावर त्याने कधी पाय ठेवला नव्हता, त्याची माती, चुन्याची रेघ, शिट्टी, सगळं तो वाचत होता, त्याच्यापुढच्या पानावर नसलेलं. घाम त्याच्या कपाळावर आला होता. तो पळत होता हो. मी खरंच सांगते, तो तिथे बसून पळत होता. आणि बायनाबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या.

“दादा,” पुनम म्हणाली.

तो थांबला नाही.

“दादा, थांबा. इथं असं नाई लिहिलेलं.” तिने प्रत वर धरली. “इथं त लिहिलंय का थो मित्र...”

“पुनम,” मी म्हटलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे. सगळे माझ्याकडे वळले. हरिदासभाऊंनी चष्मा नाकावर घेतला आणि नातीकडे हात केला, “आन पाहू इकडं. ग्रंथात जे हाय थेच वाचावं लागते.” राजदीपने पुस्तक मांडीवर टेकवलं. त्याचा चेहरा विटेसारखा झाला होता. त्याने आईकडे पाहिलं नाही.

पुनमची प्रत माणसांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे निघाली. हरिदासभाऊंच्या हाती पडायच्या आधी संघपाल उठला. त्याने ती मधेच घेतली. पान बघितलं. स्वतःचंच पान तो असं बघत होता जसं कोणी दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं. हा माणूस प्रूफात एक स्वल्पविराम बदलला म्हणून छापखान्याशी भांडला होता.

“भाऊ,” तो म्हणाला, “हे पान चुकीचं छापलं गेलं. राजदीप वाचून राह्यला, थेच बरोबर आहे.”

“चुकीचं? सगळ्या पुस्तकाईत?” हरिदासभाऊ म्हणाले.

“सगळ्यांत. चूक माझी. मी तपासलं नाही.”

राजदीप त्याच्याकडे बघत होता. मग पुनमने, त्या पोरीचं कल्याण होवो, शेजारच्या बाईची प्रत मांडीवर ओढली, दप्तरातून पेन काढला आणि म्हणाली, “मंग सांगा सर. आमी आपापल्या पुस्तकात दुरुस्त करून घेतो.” ग्रंथात चूक सापडली की इथे असंच करतात. घरोघरच्या प्रती उघडल्या, कोणी पेन मागितला, कोणी मागच्याला पान दाखवलं.

हजार पोरांसमोर न अडखळणारा संघपाल एकेक शब्द जुळवत होता. “लिहा,” तो म्हणाला. “आम्ही दोघंही रेषेवर उभे होतो. बूट माझ्या पायात होते. माझा मित्र अनवाणी होता.” पेनांची कुरकुर ऐकू येत होती. तो प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा आणि राजदीपकडे बघायचा, बरोबर आहे ना असं विचारल्यासारखा. राजदीपने खाली मान घातली होती.

“पुढं?” पुनम म्हणाली.

“शेवटच्या फेरीत...” संघपालने हातातली प्रत मिटली. “शेवटच्या फेरीत तो माझ्यापुढे होता.”

“पुढं होता?” बायनाबाई एकदम म्हणाल्या. “माहा राजदीप?”

“हो बाई. पुढंच होता. मी पाठीमागून त्याची पाठ पाहिली. पायाला फोड आले म्हणून शेवटी मागं पडला. नाही तर नंबर त्याचा होता.”

“लिव गं बाई,” बायनाबाई पुनमला म्हणाल्या, “नीट लिव थे.”

तिने लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं. मग हरिदासभाऊंनी हात जोडले आणि सगळ्यांच्या तोंडून तीनदा निघालं, साधू, साधू, साधू. माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मी रडत होते, आणि कंडक्टर बाई का रडते म्हणून पोरंटोरं माझ्याकडे बघत होती.

माणसं उठायला लागली. संघपाल जागेवरच उभा होता, पुनमची प्रत हातात धरून. राजदीप त्याच्याजवळून गेला, थांबला, आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून चप्पल शोधू लागला. तेवढ्यात बायनाबाईंनी मागून येऊन पोराच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

“फोड आले होते तुले,” त्या म्हणाल्या, “अन् इतके वर्सं मले सांगतलं नाई काऊन रे?”